मेलेल्याशी भांडण

माझा भाऊ आईला भेटायला गावी गेला आणि नदी ओलांडताना वाहून गेला. नदीला पाणी चढलं होतं, लोकांनी थांब म्हणून सांगितलं होतं. पण दादाने जन्मात कधी कुणाचं ऐकलं नव्हतं, त्या दिवशी कशाला ऐकेल? आम्हाला इथे शहरात फोन येईपर्यंत त्याला पुरूनही झालं होतं.

वहिनी एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. सगळ्यांनी कौतुक केलं, केवढी धीराची बाई म्हणून. शहरात न रडणारं माणूस सगळ्यांना आवडतं. त्याला सुट्टी द्यावी लागत नाही.

हळूहळू तिची झोप गेली, मग बोलणं गेलं. एकदा तिचा हात गरम रोलरखाली जाता जाता वाचला, तेव्हा कुठे मुकादमबाईंना जाग आली. मला बोलावून म्हणाल्या, "मला इथे अपघात नको. तुझ्या त्या केंद्रात घेऊन जा हिला."

माझं ते केंद्र म्हणजे मी जिथे दुभाषी होते ते. डोंगराकडून पोटासाठी शहरात आलेल्या आमच्यासारख्या आदिवासींच्या मनाची काळजी, आमच्याच संस्कृतीच्या वाटेने घ्यायची, हा त्याचा उद्देश. उद्देशात खोट नव्हती. खोट उद्देशात कधीच नसते, ती पुढे सुरू होते.

तिथे एक 'मुळांची खोली' होती. तिच्यात पुठ्ठ्याचं एक झाड होतं, त्याला आमच्या डोंगरात कुठेच न दिसणारी पानं. स्पीकरमधून पाखरं ओरडत. त्यातलं एक समुद्रावरचं होतं आणि आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नाही. आम्ही जमिनीवर बसतो असं संचालकबाईंनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून खुर्च्या काढून टाकल्या होत्या. दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या बाया तिथे यायच्या, खुर्ची शोधायच्या आणि भिंतीला धरून कण्हत खाली बसायच्या. बाईंना त्यात जमिनीशी असलेलं नातं दिसायचं.

शिवाय एक 'ज्येष्ठ' नेमले होते. आम्ही त्यांना दाढीवाले काका म्हणायचो. त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. ते लहानपणीच गावातून बाहेर पडले, आमची भाषा त्यांना शिव्यांपुरती येत होती. पण दाढी पांढरीशुभ्र होती, आणि बाईंना दाढीच हवी होती.

वहिनीला आणण्याआधी मी बाईंना आमची रीत सांगितली. आमच्याकडे माणूस मेला की चार जण जमून त्याच्याशी भांडतात. गुण कुणीही गातं. खरी जवळची माणसं त्याचे अपराध काढतात, आणि बाकीच्यांनी फक्त 'आणि?' म्हणून विचारत राहायचं. सगळं बोलून संपलं की मग रडू येतं.

बाई गळ्यातले मोठमोठे मणी चाळवत म्हणाल्या, "इंटरेस्टिंग आहे. पण इतकं नकारात्मक नको. आपण कृतज्ञतेपासून सुरुवात करू."

म्हणजे आमची संस्कृती हवी, पण त्यांना आवडेल तेवढीच.

ठरलेल्या दिवशी दुपारी गोल करून बसलो. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. वहिनी माझ्या शेजारी, धुतलेल्या भांड्यासारखा कोरडा चेहरा करून. समोर केंद्रातली समुपदेशक मुलगी, नुकतीच शिकून आलेली, बिचारी अवघडलेली. बाई डोळे मिटून म्हणाल्या, "तुमची आदिम शहाणीव जागी होऊ द्या. धुराबरोबर दुःख सोडून द्या." काकांनी लोखंडी घमेल्यात वाळका पाला पेटवला. त्यांनी आयुष्यात चूल पेटवली नव्हती, त्यामुळे जाळ कमी आणि धूरच फार झाला.

छतावरचा आगीचा भोंगा वाजायला लागला. इमारतीतली झाडून सगळी माणसं जिने उतरून खाली पार्किंगमध्ये आली, वकिलाच्या ऑफिसातली, दंतवैद्याकडची, एक जण तर तोंडात कापूस घेऊन. आम्ही अनवाणी. सावलीतलं डांबर गार होतं.

वहिनी आपल्या पायांकडे बघत राहिली. मग आमच्या भाषेत बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"बघ, तुझ्यापायी कुठे येऊन उभी राहिलेय मी."

मला कळलं ती कुणाशी बोलतेय. मी म्हटलं, "आणि?"

"थांब म्हणत होते ना लोक? पण तू मोठा शहाणा. न्हाणीघरातला नळ दुरुस्त करीन म्हणालास, तो अजून गळतोय. रात्रभर मी तो ऐकत पडते."

"आणि?" आता बाकीच्या बायाही म्हणाल्या.

"नवी चप्पल घालून गेलास. निदान ती तरी काठावर काढून ठेवायचीस. कुणाच्या तरी कामी आली असती."

एक जण फिसकन हसली. मग माझाच तोल सुटला. मी म्हटलं, "लबाडा, माझ्या मुलीला सायकल शिकवणार होतास. ती अजून तुझी वाट बघते. तिला मी काय सांगू?" आणि काकांनी, ज्यांना दुसरं काही येतच नव्हतं, दादाला एक अस्सल शिवी हासडली. केंद्राच्या पगारावर असताना त्यांनी केलेलं हे पहिलं उपयोगी काम.

वहिनी एका गाडीला टेकून खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

संचालकबाई लगबगीने मोबाइल समोर धरून आल्या. "काय म्हणतायत त्या? भाषांतर करा ना."

"घरगुती आहे," मी म्हटलं.

"पण तुमचं कामच ते आहे."

"आज नाही."

तरी त्या चित्रण करायला लागल्या, तेव्हा ती समुपदेशक मुलगी मध्ये येऊन उभी राहिली. "मॅडम, नको," एवढंच म्हणाली. आणि जागची हलली नाही. मग वर जाऊन आमच्या सगळ्यांच्या चपला एका पिशवीत भरून घेऊन आली. भोंगा बंद झाल्यावर बाईंनी समारोपासाठी वर बोलावलं. एकही जण गेली नाही.

यातून बाई काय शिकल्या? धूर गुणकारी असतो, हे. पुढे त्यांनी मोठ्या सभेत 'धूर-उपचारा'वर भाषण केलं, टाळ्या घेतल्या, आणि आता भोंग्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून दर महिन्याला पाला जाळतात. दुसऱ्या शहरांतले लोक बघायला येतात. काका खोकून खोकून बेजार झालेत. माझ्या कामाची मात्र गरज उरली नाही असं मला कळवण्यात आलं. धुराला दुभाषी लागत नाही.

ती मुलगी वहिनीला अजून भेटते, मागच्या साध्या खोलीत, जिथे दोन खुर्च्या आहेत. डॉक्टरकडेही तीच घेऊन गेली, झोपेच्या गोळ्या सुरू करून दिल्या. आमची भाषा तिला येत नाही, पण 'आणि?' शिकलीय. उच्चार इतका वाईट आहे की वहिनीला हसू येतं, तरी ती पुढचं सांगते.

एक गोष्ट राहिली होती. वहिनी आणि माझी आई एकमेकींशी बोलत नव्हत्या. तुम्ही बोलावलंत म्हणून तो गेला, तू जाऊ दिलंस म्हणून तो आला, असं दोघींच्या पोटात. परवाच्या रविवारी वहिनीने आपणहून फोन लावला. मी भाजी निवडत शेजारी बसले होते.

"आत्याबाई," वहिनी म्हणाली, "त्याला पोहता येतं असं तुम्हीच सांगितलं होतं मला."

स्पीकरवरून आईचा आवाज आला, "मलाही तोच सांगायचा, पोरी. मेला खोटारडा."

मग दोघी मिळून त्याच्याशी भांडायला लागल्या.