मेणाचं नासपती

खानावळवाल्या काकू लेकीकडे परदेशात आल्या त्याला आज सतरावा दिवस. या सतरा दिवसांत लेक दहादा तरी म्हणाली असेल, "आई, तुला एक जागा दाखवायचीय. वेडी होशील बघ!" तर ती जागा म्हणजे हा बाजार. छपराखालचा. आणि छप्पर तरी केवढं! लोखंडी कमानी, त्यांवर काच, आणि इतकं उंच की वर बघता बघता काकूंची शाल खांद्यावरून घसरली तरी त्यांना पत्ता नाही.

काचेतून ऊन चाळून आल्यासारखं खाली सांडत होतं. बर्फावर मासे चमचमत पडले होते, पावांचे ढीग माणसाच्या उंचीचे, आणि टोमॅटो तरी किती रंगांचे, पिवळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे. सगळे बोलत होते आणि त्यातला एक शब्द काकूंना कळत नव्हता, त्यामुळे तो गलबला दूर कुठेतरी पाणी पडत असावं तसा वाटत होता. काकू चालत होत्या की तरंगत होत्या कोण जाणे. डोळ्यांनी त्या पोटभर जेवत होत्या.

फक्त वास नव्हता.

म्हणजे बाजाराला होता हो, काकूंना नव्हता! आठ महिन्यांपूर्वी ताप आला, चार दिवसांनी गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल, नाहीतर नाही येणार." घ्या! एवढं तर आमच्या दाराशी बसणारा चांभारही सांगेल. काकूंनी मग कुणालाच काही सांगितलं नाही. लेकीलाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, नाकाचं एवढं काय घेऊन बसलात? तर काकूंच्या स्वयंपाकाची एक रीत होती. एकतीस वर्षं रोज चाळीस पानं वाढली, पण शिजत्या भांड्यातला थेंबही कधी जिभेवर ठेवला नाही. सासूबाईंची शिस्त! उष्टा हात भांड्याला लागता कामा नये, पहिला घास जेवणाऱ्याचा. काकू झाकण उचलायच्या, एक श्वास घ्यायच्या आणि सांगायच्या, "अजून चिमूटभर टाका." मिठालासुद्धा वास असतो म्हणायच्या, आणि कधी चुकल्या नाहीत.

तापानंतर त्या मोजून मापून घालू लागल्या आणि दाराआडून जेवणाऱ्यांची तोंडं बघू लागल्या. एके दुपारी डाळ तळाला लागली, चांगली करपली. चाळीस माणसं मुकाट्याने जेवली आणि "काकू, छान झालंय" म्हणून उठली. त्या दुपारी काकू मोरीत जाऊन रडल्या. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं, पण ही दया त्यांना सोसेना. गुरुवारी परत गेल्यावर खानावळ बंद करायची, हे त्यांनी पक्कं केलं होतं. लेकीला सांगायचं, गुडघे दुखतात. आजच, इथंच सांगायचं होतं.

पण लेकीला दम कुठला! "आई, ही कॉफी हुंग!" काकूंनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. "वा! काय घमघमाट!" "आणि हा पाला?" "अगं बाई, मन प्रसन्न झालं!" एका चीजच्या दुकानापाशी लोक नाक दाबून पुढे सरकत होते. काकू तिथेही म्हणाल्या, "छान आहे हं." लेकीने जरा चमकून बघितलं.

मग फळांचं दुकान आलं. नासपतींची उतरंड रचलेली, वरचं फळ तर असं पिवळंधमक की काकूंना राहवेना. आपणहून उचललं, नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "अहाहा! मधासारखा वास गं!"

फळवाला खो खो हसला. लेक हसली नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "ते मेणाचं आहे. सजावटीचं."

काकूंनी फळ जागच्या जागी ठेवलं. सांगायचे होते गुडघे, पण तोंडातून खरं तेच बाहेर पडलं. ताप, करपलेली डाळ, सगळं.

लेकीने त्यांना हाताला धरून शेजारच्या सूपवालीच्या बाकावर बसवलं आणि मग जी तापली! "आठ महिने! रोज फोनवर 'सगळं झकास' म्हणत होतीस! मी काय मेले होते?" म्हणता म्हणता तिचेच डोळे भरले.

"म्हणून खानावळ बंद करतेय," काकू म्हणाल्या. "नाक गेलं, आता मी काय कामाची?"

लेक डोळे पुसत बसली. समोर सूपवाली, काकूंच्याच वयाची, आपल्या हंड्याशी उभी होती. बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून काकू तिचे हात बघत राहिल्या. डावीकडे स्वच्छ चमच्यांनी भरलेला डबा, उजवीकडे पाण्याचं पातेलं. ती डब्यातून चमचा घ्यायची, पळीतला थेंब त्यात ओतायची, चाखायची आणि चमचा पातेल्यात टाकायची. पुन्हा चाखायचं तर नवा चमचा. तोंडाला लागलेला एकही चमचा हंड्याकडे वळला नाही.

काकू बघतच राहिल्या.

"बयो," त्या म्हणाल्या, "मला देईल का ती एक चमचा?"

लेकीने विचारलं. सूपवालीने हसून चमच्यात थेंबभर सूप दिलं. काकूंचा हात तोंडापर्यंत गेला आणि थांबला. एकतीस वर्षं! शिजत्या हंड्यातलं, अजून कुणी न जेवलेलं. "सासूबाई, चमचा वेगळा आहे हो," त्या पुटपुटल्या आणि डोळे मिटून त्यांनी चमचा तोंडात घातला.

आधी नुसती ऊब. मग जिभेच्या कडेला आंबट. मागोमाग किंचित कडू. त्यांनी घोट तोंडात घोळवला, एकदा, दोनदा, आणि कपाळाला आठी पडली. झाकण उचलताना पडायची ती ही आठी लेकीने आठ महिने नाही, कितीतरी वर्षांत बघितली नव्हती.

"तिला सांग," काकू म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

"आई, असं कसं सांगू!"

"सांग गं."

लेकीने भीत भीत सांगितलं. सूपवालीने कमरेवर हात ठेवून काकूंकडे बघितलं. मग नवा चमचा घेतला, चाखलं, क्षणभर छताकडे बघितलं आणि हंड्यात मीठ टाकलं.

लेक रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. काकूंनी शाल खांद्यावर नीट घेतली आणि उठल्या.

"चल. दोन डझन चमचे घ्यायचेत, लहान. गुरुवारच्या आत."