पिंपासमोरचा पंखा

मिल्ड्युरा गावात उन्हानं नुसता कहर मांडला होता आणि घरातला एकुलता एक पंखा लेस्टरनं शेडमध्ये घरीच बनवत असलेल्या बिअरच्या पिंपासमोर लावला होता. मागच्या वेळची बिअर उकाड्यात नासली होती, तिला नेलपॉलिशसारखा वास मारत होता. यावेळी पिंपाला ओला टॉवेल गुंडाळून तो राखण करत बसला होता.

दार धाडकन उघडलं. बायको, नरेल, घामानं निथळत उभी. तिची नजर पंख्याच्या वायरकडे गेली तसा लेस्टर वायरच्या आड सरकला.

"थोडेच दिवस गं. गार राहिली तरच चव येते."

ती पुढे आली, वाकली आणि तिनं टॉवेलला गाल टेकवला.

"माझी उशी आण इकडे," ती डोळे मिटून म्हणाली. "आणि तू जाऊन झोप आत, त्या भट्टीत."