स्टुलावरून पाण्यात

माझी आत्या ऑनलाइन पोहायला शिकवायची. हे वाक्य मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं, म्हणून इथे आधीच दोनदा सांगून मोकळा होतो: माझी आत्या ऑनलाइन पोहायला शिकवायची.

तिचा दोष नव्हता. तलावाच्या तळाच्या फरशा उखडल्या, पाणी उपसलं, आणि दुरुस्ती करणारा माणूस कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बघू." बघू म्हणजे नेमकं कधी, हे आजवर कोणी कोणाला सांगू शकलेलं नाही. इकडे प्रौढांचा नवा वर्ग भरून बसलेला. तलावाच्या व्यवस्थापकांनी सुचवलं, तोवर बाईंनी घरून थिअरी घ्यावी. आत्याने जन्मात थिअरी घेतली नव्हती. तिची पद्धत म्हणजे काठावर उभं राहायचं, घाबरलेला माणूस हेरायचा आणि शिट्टी वाजवायची.

मी त्या काळात नोकरी शोधत होतो, म्हणजे घरीच होतो. त्यामुळे लॅपटॉप, वायर आणि नंतर स्टूल ही खाती माझ्याकडे आली.

पहिल्या वर्गात आत्या तासभर एकटीच बोलली. आधी पाण्याची घनता, मग फुप्फुसं, मग पुन्हा पाण्याची घनता, कारण मधेच दोघं नवीन आले. शिस्तीसाठी तिने गळ्यातली शिट्टी फुंकली, तर व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप निघालं हुशार. त्याला शिट्टी म्हणजे नको असलेला गोंगाट वाटला आणि त्याने ती परस्पर पुसून टाकली. आत्या गाल फुगवून लाल होत होती आणि पलीकडे चिडीचूप. बऱ्याच जणांना वाटलं, बाई आपल्यावर फुंकर घालतायत.

आठवडाभरात निम्मे चौकोन काळे झाले. एक गृहस्थ तर कॅमेरा चालू ठेवून उठून गेले. आम्ही पाऊण तास त्यांच्या सोफ्याला श्वास घ्यायला शिकवलं. सोफ्याची प्रगती चांगली होती.

"माझ्याच्याने होणार नाही हे," आत्या चहाचा कप खाली ठेवत म्हणाली.

"एवढ्यात हरलीस?"

"अरे, पाण्यात माणूस घाबरला की त्याचे खांदे कानापर्यंत चढतात. मी फक्त खांदे बघते. इथे मला कोणाचे खांदेच दिसत नाहीत, तर शिकवू काय, कपाळ?"

"मग खांदे मागव."

ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घराण्यात माझ्याकडे असं बघायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तासाची वीस मिनिटं झाली. पाच मिनिटं आत्या बोलणार, उरलेल्या वेळात सगळे करणार. प्रत्येकाने समोर पाण्याची बादली आणि पोटाखाली एक स्टूल घ्यायचं. बादलीत तोंड घालून बुडबुडे सोडायचे आणि स्टुलावर पालथं पडून हातपाय मारायचे. प्रात्यक्षिकाला मी. आतोबा पेपर वाचता वाचता म्हणाले, "पोराला काहीतरी काम मिळालं एकदाचं," आणि पान उलटलं.

खरी करामत पुढे होती. रोज प्रत्येकाने आपला मिनिटभराचा व्हिडिओ पाठवायचा, आणि आत्या त्याच दिवशी प्रत्येकाला स्वतःच्या आवाजात उत्तर पाठवायची. आधी काय चांगलं झालं ते, मग सुधारायची एक गोष्ट. एकच.

"त्या पेन्शनवाल्या काकूंच्या पाच चुका आहेत," मी दाखवून दिलं.

"सात आहेत. सहा मी गिळल्या. सगळ्या आजच सांगितल्या तर काकू स्टूल विकून टाकतील."

आणि जो दोन दिवस दिसला नाही त्याला फोन. ओरडायला नाही, "सगळं बरं आहे ना?" एवढंच विचारायला. याचा परिणाम चमत्कारिक झाला. लोक परत यायला लागले. सोफेवालेही आले. सोफ्याने त्यांना पुढे बसू दिलं.

एकच चौकोन मात्र काळाच राहिला. त्याच्यावर नुसतं 'तिकीटवाला' लिहिलेलं असायचं. गावाच्या या काठावरून त्या काठाला प्रवासी नेणारी जी बोट आहे, तिच्यावर हे गृहस्थ तिकिटं फाडत. अर्धं आयुष्य त्यांचं पाण्यावर गेलं होतं, आणि पोहता येत नव्हतं. आजवर कोणी विचारलंही नव्हतं. आता वरून नियम आला: बोटीवर काम करणाऱ्याने तलावाची एक लांबी कुठेही न टेकता पार करून दाखवायची. जमलं नाही तर बोट सोडायची.

आत्याने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"तिकीटवाले, व्हिडिओ आला नाही तुमचा."

"बाई, नेट नव्हतं."

"बरं. काल?"

"काल बादलीला भोक पडलं."

"परवा?"

"परवा पाणी नव्हतं."

"तुम्ही नोकरी कुठे करता?"

पलीकडे बोटीचं इंजिन धडधडत राहिलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू का बाई? तोंड पाण्यात गेलं की माझं डोकंच चालत नाही. घरी कोणाला माहीत नाही. मुलीला वाटतं, बाप म्हणजे मासा."

"आणि नाहीच जमलं तर?"

"धक्क्यावरच्या खिडकीत बसवतील. पगार तोच आहे हो. पण खिडकीतून माणसांचे नुसते हात दिसतात. बोटीवर चेहरा बघितला की मला कळतं, कोण दवाखान्यात चाललंय, कोण सासरी, कोण उगाचच. सुट्टे मागायचे का नाही ते त्याच्यावर ठरतं."

 आत्याचं लक्ष कुठेतरी खांद्यांच्या पलीकडे गेलं होतं. मग म्हणाली, "तिकीटवाले, मला तुमची एक मदत हवी होती. माझ्या वर्गात एक दंतवैद्य आहेत, फार भित्रे. त्यांना जरा शिकवाल?"

"मी?"

"घाबरलेल्या माणसांना रोज पलीकडे नेताच की."

दंतवैद्य दूरच्या शहरातले, वर्ग ऑनलाइन म्हणून आलेले. त्यांच्याकडे ना तलाव, ना समुद्र. पण बायकोने सुट्टीसाठी परस्पर एक बेट ठरवलं होतं. त्या संध्याकाळी दोघांची स्वतंत्र गाठ घालून दिली. आत्या आणि मी आमचा कॅमेरा बंद करून गुपचूप बसलो. हे नियमात बसतं का, असं मी विचारलं, तर आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"मला ना," दंतवैद्य बादलीकडे बघत म्हणाले, "पाणी तोंडात जाईल असं वाटतं."

"डॉक्टर, तुम्ही दिवसभर लोकांच्या तोंडात पाणी उडवता."

"ते त्यांचं तोंड."

"हं. हेही खरंच." काळा चौकोन विचारात पडला. "असं करा, आधी हनुवटी टेकवा. नुसती. मग ओठ. मग नाक. नाक गेलं की फुंकायचं, म्हणजे आत काही येतच नाही. आपण बाहेर ढकलतोय ना, मग ते आत कसं येईल?"

"तुम्हाला अनुभव असेल."

 मग काळा चौकोन एकदम उजळला. मोरीत उकिडवे बसलेले, जाड मिशांचे एक गृहस्थ, समोर निळी बादली, आणि खांदे कानाला लागलेले.

"हे बघा," ते म्हणाले, "मी करतो. तुम्ही मोजा."

आणि त्यांनी डोकं घातलं. दंतवैद्य मोजत होते. आत्याने माझा दंड असा धरला की मीही श्वास रोखला. बुडबुड्यांचा आवाज आला, मिशी बाहेर आली, आणि तिच्यावर आश्चर्य निथळत होतं.

"किती झाले?"

"मी मोजायचं विसरलो," दंतवैद्य म्हणाले. "पुन्हा करता का?"

त्यांनी पुन्हा केलं. मग दोघांनी मिळून केलं. पुढे ते रोज भेटू लागले. दंतवैद्यांना शिकवायचं म्हणून तिकीटवाले आधी स्वतः घोटून घ्यायचे, आणि दंतवैद्य इतके प्रश्न विचारायचे की घोटल्यावाचून सुटका नव्हती.

"काय बेरकी आहेस गं तू," मी आत्याला म्हणालो.

"दुसऱ्याला शिकवताना माणूस स्वतः घाबरायला विसरतो," ती म्हणाली. "तू नोकरीचं कोणाला का शिकवत नाहीस?"

शेवटी एकदाच्या फरशा बसल्या, पाणी सोडलं आणि गावातली मंडळी तलावात उतरली. आत्याचे डोळे भरून आले. सगळे तरंगत होते. सगळे हात मारत होते. आणि दर चार हातांनंतर सगळेच्या सगळे डावा हात पाण्याबाहेर काढून बोटाने नाकावर काहीतरी वर ढकलत होते. काकू, सोफेवाले, तिकीटवाले, झाडून सगळे, अगदी एका तालात.

"हे काय चाललंय?" आत्या ओरडली.

"चौथ्या हाताला असंच करायचं ना?" काकू धापा टाकत म्हणाल्या. "तुमचा भाचा करतो की."

स्टुलावर पालथं पडलं की माझा चष्मा घसरतो. तो मी वर सरकवतो. इतकं मन लावून माझ्याकडे आयुष्यात कोणी पाहिलं नव्हतं. मला गहिवरून आलं. आत्याला जे आलं ते वेगळं होतं. मी घरी जाऊन गच्चीवर बसलो.

बाकीच्यांची खोड सुटली. तिकीटवाल्यांची सुटेना, आणि परीक्षा येऊन ठेपली.

परीक्षेला बोटीच्या कचेरीतले एक अधिकारी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पॅड, पाण्यापासून चार हात लांब. "प्रशिक्षकांनी कुठलीही सूचना द्यायची नाही," त्यांनी आत्याला बजावलं. आत्याने शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली.

तिकीटवाल्यांची एकच अट होती. "वर्ग बघायला हवा. मला चौकोनांची सवय झालीय." म्हणून मी फोन हातात धरून काठाने चालणार होतो. फोनमधले सगळ्यांचे कॅमेरे चालू होते. दंतवैद्य दवाखान्यातून बघत होते. त्यांच्यामागे खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून तसाच पडलेला दिसत होता.

खोल बाजूने तिकीटवाले निघाले. हात बरे पडत होते. चौथ्या हाताला नाकाला बोट लागलं. अधिकाऱ्यांना वाटलं, हा पोहता पोहता आपल्याला सलाम करतोय. त्यांनी मान लववली. पुढच्या चार हातांनी पुन्हा सलाम, पुन्हा मान. संबंध फार छान चालले होते.

निम्म्या वाटेत एक हात चुकला. पाणी नाकात गेलं असावं. तिकीटवाले जागीच धडपडले, आणि मी पाहिलं, खांदे चढले. आत्याने ते माझ्याआधी पाहिलं होतं. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या मुठी अशा वळल्या होत्या की मला वाटलं, ही आता कपड्यांसकट उडी मारते आणि तिकीटवाल्यांची धक्क्यावरची खिडकी पक्की करून टाकते.

"तिकीटवाले!" माझ्या हातातला फोन कडाडला. "उताणे व्हा! अहो उताणे! छत बघा!"

"सूचना नको म्हणालो होतो मी," अधिकारी म्हणाले.

"प्रशिक्षकाने द्यायची नाही म्हणालात," आत्या म्हणाली. "ते दंतवैद्य आहेत."

अधिकाऱ्यांनी पॅडवरचा नियम वरपासून खालपर्यंत वाचला. दंतवैद्यांबद्दल त्यात काही नव्हतं.

तोवर तिकीटवाले उताणे झाले होते. मिशी वर, पोट वर, कान पाण्यात. श्वास जागेवर आला. मग एका पायाने, मग दुसऱ्या पायाने ते सरकू लागले, ओहोटीत सुटलेल्या ओंडक्यासारखे, पण दिशा ठरलेली. कशाला टेकले नाहीत. कशाची घाईही केली नाही. अधिकाऱ्यांनी खुर्ची मागवली.

त्यांचं डोकं हलकेच उथळ बाजूच्या भिंतीला लागलं. क्षणभर कोणालाच काही कळलं नाही, त्यांनाही नाही. मग मी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी. सगळा वर्ग पाण्यात गेला.

मी ओरडलो, आत्या ओरडली, फोन गिरक्या घेत तळाशी चालला होता. तिकीटवाल्यांनी एकदा आमच्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं, आणि कोणी काही सांगायच्या आत बुडी मारली. पार खाली. खांदे कुठे होते ते तेव्हा मी बघायचंच विसरलो. आत्याने मात्र बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

ते वर आले तेव्हा फोन मिशीला लावलेला होता. "हॅलो? डॉक्टर?" पण फोन गेलेला.

"अरे, कोणाकडे फोन आहे का?" आत्या नाक पुसत म्हणाली. "तिकडे सगळ्यांना वाटत असेल, हे बुडाले."

फोन अधिकाऱ्यांकडे होता. दंतवैद्यांचा नंबर आत्याला पाठ होता. तिला वर्गातल्या प्रत्येकाचा पाठ होता. अधिकाऱ्यांनी लावला, आणि पहिल्या वाक्यालाच कानापासून लांब धरला.

"नाही हो, बुडाले नाहीत," ते समजावत होते. "फोन बुडाला. हो, पोचले... हो, उताणेच... हो, पास. आता? आता बाईंनी त्यांना टॉवेल दिलाय... हे बघा, मी कचेरीतला माणूस आहे, मला मिशी सुकली का वगैरे विचारू नका... बरं, थांबा, बघून सांगतो."