डोळे मागायचा वर्ग

नलू सावर्डेकरला त्या वर्गाची पहिल्या दिवसापासून किळस आली होती, आणि तरी ती रोज पुढच्या बाकावर जाऊन बसायची. याला काय म्हणायचं ते म्हणा. परळच्या एका इस्पितळात ती नर्स होती. तिथं तिनं चिंचपोकळीची एक मुलगी पाहिली होती, देवी येऊन दोन्ही बुबुळं पांढरी पडलेली. मेलेल्या माणसाच्या डोळ्याचा काचेसारखा पडदा तिच्या डोळ्यावर बसवला, आणि पट्टी सुटल्यावर पोरीनं पहिल्यांदा काय केलं, तर आईच्या नाकातल्या चमकीला बोट लावलं. ते पाहून नलूनं आपण होऊन वर्गासाठी नाव नोंदवलं. मेल्यावर डोळे देण्याचा कायदा नुकताच झाला होता. पण ते मागायचे कुणी? डॉक्टर मागायला गेले की नातेवाईक अंगावर येत. म्हणून नर्सना शिकवायचं ठरलं.

शिकवायला डॉक्टर रमाकांत धुरंधर. कडक इस्त्रीचा माणूस, बोलणं पाकात घोळलेलं.

"डोळे काढणार असं म्हणायचं नाही, दान म्हणायचं. आईला विचारायच्या भानगडीत पडू नका, आई सरळ नाही म्हणते. बायकोला गाठा. बायको त्या वेळी कशालाही मान हलवते."

मग सराव. एकीनं डोक्यावर चादर घेऊन विधवा व्हायचं, दुसरीनं तिच्याकडे डोळे मागायचे. चादरीतली पोरगी खुसखुसायची, आणि डॉक्टर म्हणायचे, "अहो, रडा जरा! रडत्या बाईकडून मागायची सवय व्हायला हवी." शी! हे काय शिक्षण म्हणायचं?  पण नलू चमकीला लागलेलं बोट आठवायची आणि सांगितलेलं वाक्य पाठ करायची.

त्याच दिवसांत कोंडीरामला आणलं. लालबागच्या चाळीतला गिरणी कामगार. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असा फलक बांधत होता, तोल गेला आणि खाली फरशीवर डोकं आपटलं. शुद्ध नव्हती. खाटेभोवती पडदा लावलेला. बायको रखमा आणि आई कमळाबाई, दोघींना व्हरांड्यात बसवलेलं. आत कुणी सोडत नव्हतं आणि बाहेर कुणी काही सांगत नव्हतं. गरिबाच्या नातेवाइकांना आपल्याकडे असंच ठेवायची रीत आहे.

दुपारी डॉक्टर धुरंधर लगबगीनं आले. इस्पितळाच्या एका ट्रस्टीची आई खाजगी खोलीत ऑपरेशनसाठी तयार होऊन पडली होती, आणि डोळा मिळत नव्हता.

"सिस्टर नलू, चला. त्या खिडकीकडच्या केसच्या बायकोला विचारायचं. बाकीच्यांनी मागं उभं राहून बघा."

"सर, त्यांचा श्वास चालू आहे अजून."

"म्हणूनच आत्ता. तासाभराचा सोबती आहे तो. एकदा रडारड सुरू झाली की ऐकतं कोण?"

नलू म्हणाली, "सर, हे बरोबर नाही." पण पाय? पाय चाललेच. वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या मागून चालायची सवय, दुसरं काय!

कमळाबाई तेवढ्यात नळावर तोंड धुवायला गेली होती. रखमा भिंतीला टेकून बसलेली. समोर पांढऱ्या कपड्यांतल्या सहा बाया आणि एक डॉक्टर बघून ती धडपडत उभी राहिली. नलूनं शिकवलेलं वाक्य म्हटलं, जसंच्या तसं. "बाई, तुमच्या मालकांचे डोळे दान दिलेत तर कुणाला तरी जग दिसेल."

रखमानं तिच्याकडे एकदा पाहिलं.  वळली आणि दोन्ही मनगटं तिनं व्हरांड्याच्या कठड्यावर आपटली. हिरवा चुडा खळाखळा फुटला. पदरानं कपाळ पुसलं, गळ्यातलं डोरलं हिसकून तोडलं. हे सगळं इतक्या झटक्यात झालं की नलूचा हात पुढं होईपर्यंत मणी फरशीवर घरंगळत होते.

"अहो..." नलू बोलायला गेली. डॉक्टरांनी तिचं कोपर दाबलं. घट्ट. दुसऱ्या हातानं त्यांनी खिशातला संमतीचा कागद आणि शाईचं पॅड काढलं, रखमाचा अंगठा धरला. काचेनं कापून मनगटातून रक्त येत होतं.

"रक्त पुसा आधी," ते मागच्या पोरीला म्हणाले. "कागद खराब होईल."

पोरीनं पुसलं. अंगठा उमटला. आणि तेवढा वेळ नलू गप्प राहिली. ज्या बाईचा नवरा दहा पावलांवर श्वास घेतोय, तिला नुसतं 'जिवंत आहे' एवढं सांगायचं होतं.  पुढं नलूला डॉक्टरांची जेवढी किळस आली, तेवढीच स्वतःचीही आली.

कमळाबाई परत आली. सुनेचे हात बघून तिनं हंबरडा फोडला आणि कुणी अडवायच्या आत पडदा सारून पोराच्या अंगावर पडली. पोराची छाती खालीवर होत होती.

ती बाहेर आली आणि तिनं रखमाच्या थोबाडीत मारली. "जित्या नवऱ्याच्या नावानं चुडा फोडलास? जीव घ्यायाच निघालीस व्हय त्याचा!"

"चूक तिची नाही हो, आम्ही..." नलूला आता कंठ फुटला होता. पण कोण ऐकतंय!

वर्गात डॉक्टर म्हणाले, "यातून काय शिकलो? आधी बाईला खाली बसवा आणि हात धरून ठेवा." पोरींनी माना हलवल्या. नलू उठून बाहेर गेली. वर्ग सुटताच तडक त्यांच्या खोलीत जाऊन तिनं तो कागद परत मागितला.

"राहू दे हो," डॉक्टर हसले. "मरणार तर आहेच कधी तरी."

पण कोंडीराम मरेना. ताप उतरला, बोटं हलू लागली. आता दोघींना आत बसू देत होते. नलूनं लालबागहून हिरव्या बांगड्या आणल्या, तर कमळाबाईनं त्या हातातसुद्धा घेतल्या नाहीत. रखमा उघड्या हातांनी, पांढऱ्या कपाळानं खाटेशी बसून असायची. शेजारच्या खाटांशी बसलेल्या बायका तिच्याकडे पाहायचं टाळायच्या. नर्स जवळ आली की रखमा तळहातानं नवऱ्याचे डोळे झाकायची. नलूला वाटायचं, उजेड लागू नये म्हणून करत असेल.

मग एका सकाळी नलू औषध घेऊन आली, तर कोंडीरामनं डोळे उघडलेले. तो छताकडे बघत होता, मग बायकोकडे. तिच्या कपाळाकडे, मनगटांकडे. त्याचे ओठ हलले.

"कोण गेलं गं?"

 रखमानं घाईघाईनं त्याच्या दोन्ही डोळ्यांवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं नलूचा पदर धरला.

"बाई, तुमच्या पाया पडते," ती कुजबुजली. "ह्यानी डोळं उघडल्यात म्हणून डाक्टरला सांगू नका. म्या अंगठा दिलाय."