सहाव्या दिवसाचे पाणी

चन्नम्मा गेली हे मला कळले, ते माझ्यावर पाणी पडले नाही म्हणून. एप्रिल महिना होता. मला ओतून पाचच दिवस झाले होते. ऊन चढले तरी जिना चढून कोणी वर आले नाही. मग खालून रडणे ऐकू आले.

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका घराचा स्लॅब आहे. माझ्या खाली कायमचा लोखंडी पत्रा आणि वर काँक्रीट. चन्नम्माला माझ्यावर शिवणवर्गाची खोली हवी होती. बसू मिस्त्रीने माझ्यावर सिमेंटचे छोटे बांध घालून वाफे केले आणि ते चौदा दिवस पाण्याने भरलेले ठेवायला सांगितले.

"मी भरतो," तिचे यजमान वीरभद्रप्पा म्हणाले.

"तुमी? तुमाला सोताचा चहा प्यायचं ध्यानात ऱ्हात न्हाय. ह्याची तहान मी बघते की."

पाच दिवस तिने बघितली.

सहाव्या दिवशी घर माणसांनी भरले. संध्याकाळी बसूने हळूच विचारले, "अप्पा, पाण्याचं काय?"

"खाली पत्रा हाय की. थेंब गळत न्हाय. पाणी जातंय कुटं?"

त्या दिवशी त्यांच्याशी कोण वाद घालणार? पुढच्या दिवसांतही पाणी घालायला कोणी वर आले नाही.

पाणी वरून उन्हाने उडून जात होते. साधा स्लॅब दोन्ही बाजूंनी वाळतो. माझी खालची बाजू पत्र्याने बंद, म्हणून मी फक्त वरून वाळतो. वरचे अंग आकसले, खालचे ओलेच राहिले. आकसणे मला चुकणार नव्हतेच, पण अंगात ताकद येण्याआधीच मी आकसलो. मधे थोडा वाकलो आणि तुळईच्या वर लांब भेग पडली.

याला चार वर्षे झाली. दर उन्हाळ्यात बसू येतो. "अप्पा, भेग भरू. स्लॅब चांगला हाय, खोली हुतीय."

"बघू," वीरभद्रप्पा म्हणतात. तो गेला की बादलीभर पाणी आणून माझ्यावर ओततात. आता त्याचा उपयोग नाही. ते भेगेतून पत्र्यापर्यंत जाते आणि पत्रा गंजतो. हे त्यांना सांगायला मला तोंड नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी नवा स्लॅब ओतला, तर घरात काहीही घडो, एकाला बादली घेऊन वर पाठवा.

चन्नम्माचे शिलाई मशीन खालीच झाकून ठेवले आहे. खोली बांधायची राहिली आहे. भेगही भरायची राहिली आहे.