उजेडाची कड

माझा साडू बुद्धिमान आहे, असे आमच्या सासूबाई सांगत, आणि सांगताना माझ्याकडे पाहत. प्रकाशशास्त्र मी वीस वर्षे वाचतो आहे; तो वाचत नाही, त्याला सुचते. एकाच कारखान्यात आम्ही दोघे मोटारींचे दिवे आखतो. नव्या गाडीच्या एलईडी फॉग लॅम्पसाठी दोघांकडून नमुने मागवले गेले. ज्याचा दिवा निवडला जाईल, तो विभागप्रमुख होणार होता.

फॉग लॅम्पची सारी विद्या एका आडव्या रेषेत असते: उजेड तिच्या वर जाता कामा नये. गेला, की धुकेच उजळते आणि चालकासमोर पांढरी भिंत उभी राहते. माझी रेषा सुरीने कापल्यासारखी होती. त्याची जरा पुसट. पण दिवा माझ्या दिव्याच्या निम्म्या जाडीचा, देखणा. देखणेपण नेहमी त्याच्याच वाट्याला.

चाचणीच्या आदल्या दिवशी त्याच्या नमुन्यात हवा खेळण्याचे छिद्र मला दिसले नाही. एलईडीची उष्णता मागे जाते, पुढची काच थंडच राहते. आत कोंडलेला दमटपणा तिच्यावर बसणार, हे उघड होते. मी चष्मा पुसला आणि तोंडाला कुलूप लावले.

चाचणीच्या खोलीत गार धुके सोडले. दहाव्या मिनिटाला त्याची काच आतून घामेजली, उजेड विखुरला. माझी रेषा जागच्या जागी. साहेबांनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली.

"काय साडूभाऊ, आता तुम्हाला साहेब म्हणायचं का?" तो हसत म्हणाला.

"तुझं हवेचं छिद्र राहिलं."

"राहिलं खरं. तशी तुमची खाच राहिलीय."

"कसली खाच?"

"अहो, कडेला खाच नाही, म्हणून तुमची काच सरळही बसते, उलटीही. जोडणाऱ्यानं उलटी बसवली होती. सगळा उजेड आभाळात! सकाळी दिसलं, फिरवून ठेवली."

"मला सांगायचं तरी!"

"तुम्ही चहा घेत होतात. दोन स्क्रूंचं तर काम."

गप्प राहण्यासाठी मी रात्रभर जितका विचार केला होता, त्याच्या शतांशही त्याने ते दोन स्क्रू फिरवताना केला नव्हता. याबद्दल त्याला मी कधीही क्षमा करणार नाही.

तो गेल्यावर मी आराखडा उघडला आणि काचेच्या कडेला खाच काढली. शेजारी 'दोष कोणी शोधला' असा रकाना असतो. तेथे मी सुवाच्य अक्षरात माझे नाव लिहिले.