तीन पत्त्यांची बेरीज

माझा दीर खंडू आमच्याकडे राहायला आला तेव्हा म्हणाला होता, "वैनी, चार दिसांचं काम हाय." त्या चार दिवसांचे आठ महिने झाले. कंपनीनं त्याला घरी बसवलं होतं आणि घरी बसण्यात त्यानं कसलीही कसर ठेवली नव्हती. काळेवाडीतल्या आमच्या दीड खोलीत सकाळी उठून बघावं तर हा दारापुढच्या ओट्यावर बिडी ओढत बसलेला. माझे मालक जयसिंग धाकट्या भावाला एका शब्दानं बोलायचे नाहीत. "जाऊ दे, कस्तुरा," म्हणायचे आणि शिफ्टला निघून जायचे. जाऊ दे म्हणायला काय जातं? त्याच्या भाकरी मला थापाव्या लागत होत्या.

त्यात आमच्या नीलाचं दुखणं. पोर विटांच्या ढिगावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तरी पाय नीट टेकेना. शाळेचं वर्ष गेलं आणि पिंपरीतल्या तिच्या शाळेनं पटावरून नाव कापलं. मुख्याध्यापिका सुमनताई म्हणाल्या, "वाचन बरं आहे तिचं. जूनमध्ये मी स्वतः तोंडी गणित घेईन. आलं तर तिसरीत घेते. नाही आलं तर माझ्याकडे जागा नाही." मी तेव्हा भोसरीला पॅकिंगच्या कामावर होते. दिवसभर डब्यांना झाकणं लावायची. माझ्या पोरीनं पुढं झाकणं लावू नयेत, एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी ती शाळा हवी होती.

आता घरच्या घरी गणित शिकवायचं कसं? शहाणपण सांगायला अख्खी गल्ली पुढे. शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या, पुण्यात रंगीत मण्यांची पाटी मिळते, पोरं खेळता खेळता शिकतात. तिची किंमत ऐकून मी मुकाट्यानं घरी आले. मग एक मास्तर लावला. त्यानं पहिल्याच दिवशी पोरीच्या बोटांवर पट्टी मारली. मी त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं. उरलं उजळणीचं पुस्तक. ते उघडलं की नीलाच्या पोटात दुखायला लागायचं. पाढे रडत म्हणायची आणि रडून झाल्यावर विसरायची.

"वैनी, मी शिकवू का?" खंडू ओट्यावरूनच म्हणाला. "हसतखेळत शिकंल. एक पैसा लागायचा न्हाई."

"तुम्हाला स्वतःला काय येतं, भावजी?"

"बेरीज येती की."

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं मी तोंडावर म्हटलं. पण मी दिवसभर कामावर, सासूबाई गावी, घरात पोरीजवळ तेवढा एकच माणूस. त्यानं जुना पत्त्यांचा जोड काढला. राजे, राण्या, गुलाम बाजूला काढून ठेवले. मला वाटलं, बरोबर आहे, गणिताला आकडेच हवेत. संध्याकाळी मी बसमधून उतरून गल्लीत शिरले की दोघांचं हसणं ऐकू यायचं. पत्ते फटाफट पडायचे आणि नीला ओरडून उत्तर द्यायची. वर्षभर जी पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती आता मी भाकरी करताना म्हणायची, "आई, विचार ना काहीतरी!" मी विचारायची, आठ नि सात? पंधरा. नऊ नि नऊ? अठरा. मी नेहमी दोनच आकडे विचारायची; दमून आल्यावर माझं डोकं तेवढंच चालायचं. पोरीला येत होतं. मला बरं वाटलं, आणि त्या माणसामुळे बरं वाटलं म्हणून चीडही आली.

जूनमध्ये नीलाला घेऊन गेले. सुमनताई टेबलामागे, शिपाई आबाजी दाराशी स्टुलावर. बाईंनी दोन-दोन आकड्यांची बेरीज विचारली, नीलानं धडाधड सांगितली. मी पदरानं घाम पुसला.

"आता तीन आकडे. सात, आठ आणि नऊ?"

"चार," नीला म्हणाली.

"नीट कर, बाळ."

"चारच."

"सहा, पाच, नऊ?"

"शून्य."

"तीन, आठ, दोन?"

"तीन."

दाराशी आबाजीला हसू आवरेना. "बाई," तो म्हणाला, "पोरगी ओपन सांगतीया! मटक्याचा!"

मटक्यात तीन पत्ते काढतात आणि त्यांच्या बेरजेतला शेवटचा आकडा तेवढाच खरा धरतात, पहिल्या तीन पत्त्यांचा तो ओपन, हे मलाही ठाऊक होतं. आमच्या गल्लीत ते कुणाला ठाऊक नव्हतं? खंडू माझ्या पोरीला मटका शिकवत होता. तो समोर असता तर मी त्याला तिथंच तुडवला असता.

"नीला," मी म्हटलं, "सगळी बेरीज सांग. पूर्ण."

"चोवीस, वीस, तेरा," ती एका दमात म्हणाली. "पण काका म्हणतो, तीन असले की पहिला आकडा सोडायचा."

"बघा बाई, येतंय तिला," मी म्हणाले.

"येतंय ते कळलं. कुठून येतंय तेही कळलं." सुमनताईंनी चष्मा काढला. "माझ्या वर्गात बाकीची मुलं आहेत. असली घाण मी शाळेत येऊ देणार नाही. सोमवारी तिला घेऊन या, पण तो माणूस तुमच्या घरात राहत नाही असं मला सांगता आलं पाहिजे."

घाण हा शब्द मला झोंबला. तरी मी मान हलवली.

खंडू ओट्यावर वाटच बघत होता. "तीन आकडं इचारलं का? बरोबर सांगितलं का?"

"भावजी, नीलानं वाटेत सगळं सांगितलं. तिच्या हातानं पत्ते उचलून त्या आकड्यांवर पैसे लावत होतात ना तुम्ही?"

त्याचं तोंड उतरलं. "लावत व्हतो."

"लागले?"

"एकदाबी न्हाई."

"तरी लावत राहिलात! लाज नाही वाटली? तुमच्यामुळं तिची शाळा जातेय. तुम्ही या घरात असलात तर तिला घेणार नाहीत. उचला आपलं चंबूगबाळं आणि चालते व्हा."

तो भांडेल म्हणून मी कंबर कसून उभी होते. तो भांडला नाही. "पोरीची साळा हाय तर जातो की," म्हणाला आणि सदरे पिशवीत भरायला लागला. आळंदीला एका ओळखीच्याकडे जाणार होता. नीला त्याच्या पिशवीला लोंबकळून किंचाळत होती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. संध्याकाळी मालक आले, त्यांनी रिकामा ओटा बघितला आणि पहिल्यांदाच "जाऊ दे" म्हणाले नाहीत. न जेवता झोपले. मी मात्र पोटभर जेवले, खोटं कशाला सांगू?

सोमवारी शाळेच्या फाटकात सुमनताई उभ्या होत्या. "गेला का तो?"

"गेला."

"छान. जा नीला, रांगेत उभी राहा."

नीला हलली नाही. ती व्हरांड्यात घंटेजवळ उभ्या असलेल्या आबाजीकडे बघत होती.

"बाई," तिनं विचारलं, "आबाजीकाकांना ओपन कसा कळला?"

रांगेतल्या पोरांनी माना वळवल्या. आबाजी पायाकडे बघायला लागला.

"तेपण मटका खेळतात ना? मग त्यांना तुम्ही कधी हाकलणार?"

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. मला खंडूची दया आली असं कुणी समजू नये. तो नालायकच होता. पण बाईंनी आपला मटकेवाला स्टुलावर बसवून ठेवला होता आणि माझा माझ्याच हातानं बाहेर काढायला लावला होता. हे माझ्या पोरीला दिसलं. मला दिसलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाई, तिला उत्तर द्या," मी म्हणाले.

सुमनताईंनी पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला प्रवेश हवाय ना?"

नीला माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हवाय," मी म्हणाले.

"मग मुलीला गप्प बसायला शिकवा. आबाजी, घंटा द्या."

आबाजीनं घंटा दिली. मी नीलाच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं ढकललं. तिनं माझा हात झटकला आणि लंगडत एकटीच रांगेकडे गेली.